डावीकडे सरकणारा गोलकीपर

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोक साधारणपणे मेकॅनिक म्हणतात. ह्यांना मात्र सगळे थेंबमास्तर म्हणत, आणि त्याला कारण होतं. कुठलंही मशीन समोर आलं की ते आधी खिशातून लांब चोचीची तेलाची कुपी काढत, प्रत्येक भोकात एक थेंब सोडत, चाक हाताने दहा वेळा फिरवत आणि मगच काय बिघडलंय ते विचारत. दहातली सहा मशीनं एवढ्यावरच सुरू होत. भोकात दोन थेंब टाकणारा त्यांच्या लेखी उधळ्या होता आणि एकही न टाकणारा खुनी.

अठ्ठेचाळीस वर्षं त्यांनी हे काम केलं. वय बहात्तर झालं तरी जुनी, लोखंडी, चाकाची मशीनं बिघडली की लोक त्यांनाच फोन करत, कारण नवी पोरं ती मशीनं बघून नाक मुरडत. आलेलं बोलावणं मास्तरांनी एकदाही परत पाठवलं नव्हतं. अंगात ताप असताना गेले, पायाला प्लास्टर असताना गेले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ते एका शिंप्याच्या दुकानात मशीनखाली आडवे होते, आणि ही गोष्ट ते मोठ्या अभिमानाने सांगत. त्यांच्या बायकोने ती जिवंत असेपर्यंत कधीच अभिमानाने सांगितली नाही.

तर अशा माणसाच्या पोटी व्हिडिओ गेम खेळणारा मुलगा निपजला.

मुलगा म्हणजे शाळकरी नव्हे. सेहेचाळीस वर्षांचा, कानाजवळ पांढरा झालेला, वाचायला चष्मा लागणारा गृहस्थ. इस्पितळात एक्स-रे काढायचा. दिवसभर लोकांची मोडकी हाडं बघून घरी यायचा, जेवायचा, बायकोबरोबर भांडी आवरायचा आणि एक तास त्या खोलीत जाऊन बसायचा. ती खोली नातीची. नात शिकायला बाहेरगावी गेल्यावर तिथे एक टीव्ही, दोन खुर्च्या आणि ते खेळायचं खोकं आलं. कानावर हेडफोन, हातात रिमोट. मुलगा त्याला कंट्रोलर म्हणे, पण मास्तर शेवटपर्यंत रिमोटच म्हणत राहिले.

आता एवढ्या वयाचा माणूस टीव्हीतल्या फुटबॉलच्या मागे लागतो, हे मास्तरांना सहनच होत नसे. त्यांच्या शब्दकोशात त्याला एकच शब्द होता, पोरखेळ. त्यांनी तो सुनेला ऐकवला, भिंतीला ऐकवला, जेवताना आमटीच्या वाटीलासुद्धा ऐकवला. सून बँकेत होती आणि शब्द मोजून वापरणारी होती. एकदा ती एवढंच म्हणाली, की बाबा, इतर घरांतले नवरे त्या तासात काय करतात ते मी बँकेत रोज ऐकते, माझं बरं चाललंय. त्यावर मास्तर आणखीच चिडले.

खरी बोच वेगळीच होती. संध्याकाळी औषधाच्या दुकानासमोरच्या बाकावर त्यांची बैठक असे. निवृत्त हेडमास्तर, निवृत्त पोस्टमन आणि हे. हेडमास्तरांचं सगळ्या विषयांवर मत होतं आणि ते एकदा दिलं की बदलून मिळत नसे. मोठ्या माणसांनी व्हिडिओ गेम खेळणं ह्या विषयावरचं त्यांचं मत असं, की ज्याला आयुष्यात काही जमलं नाही तो खोट्या आयुष्यात जिंकायला जातो. पोस्टमन मान डोलवायचा. मास्तरही डोलवायचे, आणि वर सांगायचे की आमचे चिरंजीव तर घरी येऊनही कॉम्प्युटरवर इस्पितळाचं काम करतात. पोस्टमन म्हणायचा, किती राबतो बिचारा. मास्तर विषय पावसावर न्यायचे.

त्या आठवड्यात मुलाचा चेहरा जरा उजळला होता. चाळिशीच्या पुढच्या खेळाडूंची एक स्पर्धा होती, तिघांचा एक संघ. ह्याच्या संघात एक दातांचा डॉक्टर आणि एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर, तिघे तीन गावांचे, एकमेकांना कधी न भेटलेले. आणि हे तिघे चक्क अंतिम सामन्यात पोहोचले होते. रविवारी दुपारी चार वाजता. मुलाने हे जेवताना सांगितलं. सून मनापासून हसली. मास्तर म्हणाले, ‘मीठ दे.’

गुरुवारी मास्तर पाणी प्यायला उठले तेव्हा त्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. पडद्यावर मुलाचा गोलकीपर गोलसमोर उभा होता आणि आपोआप डावीकडे सरकत होता. मुलगा त्याला उजवीकडे आणी, तो पुन्हा डावीकडे. मास्तर ग्लास हातात धरून तिथेच थांबले. खेळ त्यांना कळत नव्हता, पण ही ओढ कळत होती. मशीनचा दाब नीट नसला की कापड असंच एका अंगाला जातं, आणि शिंपी हाताने ओढून ओढून शिवण सरळ ठेवतो. मुलगा तेच करत होता. त्या रिमोटवरची डाव्या अंगठ्याची खुंटी बिघडली होती, आणि जमत होतं तसं तो निभावून नेत होता.

खेळाचा राग एकीकडे, पण मशीन चुकीचं चाललेलं मास्तरांना बघवत नसे. शुक्रवारी दुपारी मुलगा आणि सून कामावर गेल्यावर ते त्या खोलीत शिरले. रिमोट उचलला, खुंटी अंगठ्याने फिरवली. कोरडी लागली. त्यांनी कुपी काढली आणि खुंटीच्या बुडाशी, फटीत, अगदी हिशेबाने एक थेंब सोडला. मग दहा वेळा फिरवली. मऊ झाली. इतकी मऊ, की मास्तरांना मनातल्या मनात शाबासकी द्यावीशी वाटली. सांगायचं नाही, त्यांनी ठरवलं. रविवारी नीट चालेल तेव्हा बघू कळतंय का त्याला.

कळायला रविवार उजाडावा लागला नाही. मुलाची दुपारची पाळी होती, शुक्रवारी घरी यायला रात्र झाली, म्हणून शनिवारी सकाळी तो सरावाला बसला. मास्तर बाहेर वर्तमानपत्र उघडून बसले होते, पण कान खोलीत. आधी शांतता. मग खुंटी फिरवल्याचा आवाज, पुन्हा पुन्हा. मास्तर उठून दारापर्यंत गेले. पडद्यावरचा गोलकीपर डाव्या कोपऱ्यात जाऊन खांबाला चिकटला होता आणि तिथून हलायला तयार नव्हता. मध्येच थरथरायचा आणि पुन्हा चिकटायचा.

मुलगा हेडफोनमधून साथीदारांशी बोलत होता. हे मॉडेल जुनं, दुकानात मिळत नाही, मागवलं तर बुधवारी येणार. दुसरा कंट्रोलर लेक घेऊन गेलेली. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. तो म्हणाला, ‘माझ्याऐवजी कुणी मिळतोय का बघा तुम्ही.’ पलीकडून काहीतरी बोलणं झालं. तो म्हणाला, ‘बरं.’

ते ‘बरं’ मास्तरांनी आधी ऐकलं होतं.

बत्तीस वर्षांपूर्वी मुलगा चौदाचा होता आणि टेबल टेनिस झकास खेळायचा. शाळेच्या संघात होता, आणि एका रविवारी दुपारी सुट्टीतल्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. त्याच दिवशी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातून बोलावणं आलं. सहा मशीनं बंद, सोमवारी शाळा उघडणार, चारशे गणवेश अडकलेले. मशीनखाली दिवा धरायला आणि पट्टे ओढायला दुसरा माणूस हवा होता. मास्तरांनी बुटांचे बंद बांधत असलेल्या मुलाला सांगितलं, आज सामना नाही, कारखान्यात चल, पोरखेळ नंतर. मुलगा म्हणाला, ‘बरं.’ बूट काढले, रॅकेट कव्हरमध्ये घातली, कपाटावर ठेवली. ती पुन्हा खाली आली ती घराला रंग काढला तेव्हा. तिचं रबर उन्हाळ्यांनी तडकून गेलं होतं.

त्या दिवशी सहाही मशीनं सुरू झाली. चारशे पोरांना गणवेश मिळाले. मास्तरांना त्यात कधी काही चुकलंसं वाटलं नव्हतं. आज दाराशी उभं राहून पहिल्यांदा वाटलं. एकाच पोराचा अंतिम सामना, दोनदा आपणच हातातून काढून घेतला.

पण मास्तर हळहळत बसणाऱ्यातले नव्हते. हळहळ म्हणजे चाक उलटं फिरवणं, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलगा साडेअकराला कामावर गेला तसा त्यांनी रिमोट रुमालात गुंडाळला, घड्याळाच्या भिंगासकट आपली हत्यारांची पिशवी घेतली आणि घराबाहेर पडले. रविवारी चार वाजेपर्यंत हे मशीन सरळ उभं राहिलं पाहिजे. बाकी सगळं नंतर.

मागच्या गल्लीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, दाराएवढं रुंद. ते चालवणारी बाई तिशीची असेल. तिला सगळे मोबाइलवाली म्हणत. तिने रिमोट उघडला, आतलं बघितलं, मग नाकाजवळ नेला.

‘काका, ह्यात तेल कुणी सोडलं?’

‘आहे एक शहाणा,’ मास्तर म्हणाले.

तिने बोटाने दाखवलं. खुंटीच्या खाली डबीसारखा एक भाग, त्यात काळी पट्टी आणि तिच्यावरून फिरणारी केसाएवढी पितळी जीभ. जीभ पट्टीला कुठे टेकलीय त्यावरून खोक्याला कळतं, खुंटी कुठे आहे. मध्ये तेल आलं की टेकणं संपलं. ‘इथे सगळं कोरडंच लागतं, काका,’ ती म्हणाली. ‘तेल म्हणजे विष.’

अठ्ठेचाळीस वर्षं ज्याने जग चाललं, ते इथे विष. मास्तर ते भिंगातून बराच वेळ बघत राहिले. पटायला वेळ लागला, पण डोळ्यांसमोर होतं ते नाकारण्याची त्यांना सवय नव्हती. पट्टी मुळात झिजलेलीही होती, म्हणूनच ती ओढ होती. तेलाने फक्त गोलकीपरला कोपऱ्यात नेऊन बसवलं.

मोबाइलवालीकडे एका मेलेल्या रिमोटमधला तसाच भाग होता. पण तिला संध्याकाळपर्यंत सहा फोन द्यायचे होते. मंगळवारी या, ती म्हणाली. मास्तरांनी तिच्या दुकानातलं एकमेव स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. म्हणाले, ‘तुम्ही तुमचे फोन करा. मी करतो हे. तुम्ही फक्त सांगा, चुकलो तर ओरडा.’

तिने त्यांच्या हातांकडे बघितलं. जाड बोटं, नखांच्या कडांना कायमचा काळा रंग. पण बोटं थरथरत नव्हती. तिने आधी फुकट गेलेल्या सर्किटच्या दोन पाट्या दिल्या आणि त्यांवर हात बसवायला सांगितलं. सोल्डरिंग मास्तरांनी मशीनच्या दिव्यांच्या वायरींचं केलं होतं. ती वायर दोरीएवढी, आणि इथले चौदा टाके खसखशीएवढे. पहिल्या पाटीची त्यांनी राख केली. दुसरीवर तीन टाके वाचले. अंगठा भाजला तो त्यांनी तोंडात धरला आणि दुसरा अंगठा कामाला लावला. मोबाइलवाली आपल्या फोनवरून मान न उचलता सांगायची, उष्णता जास्त, हात उचला, आता ओढा. त्यांना इतकं कुणी कधी शिकवलं नव्हतं. ऐकून घ्यायला कठीण गेलं, पण ऐकून घेतलं.

दोनच्या सुमाराला हेडमास्तर औषध घेऊन तिथून चालले होते. थांबले. हे काय चाललंय म्हणाले. मास्तर म्हणाले, रिमोट दुरुस्त करतोय. टीव्हीचा का, हेडमास्तरांनी विचारलं.

‘टीव्हीचा,’ मास्तर म्हणाले.

हेडमास्तर गेले. मोबाइलवालीने पहिल्यांदाच मान वर करून बघितलं. मास्तरांचे कान तेवढ्यानेच गरम झाले.

साडेचारला नवा भाग बसला. तिने रिमोट आपल्या स्क्रीनला जोडला. एक गोल आणि त्यात एक ठिपका. खुंटीला हात लावला नाही तर ठिपका बरोबर मध्ये पाहिजे. तो मध्ये होता, म्हणजे जवळजवळ. मोबाइलवाली म्हणाली, एवढं चालतं. मास्तर म्हणाले, एक सूतभर डावीकडे आहे. ती म्हणाली, खेळताना कळणारसुद्धा नाही. मास्तर म्हणाले, त्याला कळेल. आणि त्यांनी पुन्हा सगळं उघडलं. भाग एका कोपऱ्यात केसभर वर राहिला होता. टाके गरम केले, अंगठ्याने दाबला, थंड होऊ दिला. ह्या वेळी ठिपका मधोमध बसला आणि बसूनच राहिला.

आता हलवून बघायला खेळावं लागेल, ती म्हणाली, आणि तिने फुटबॉलचा कुठलासा गेम लावून दिला. मास्तरांनी हो-नाही करत खुंटी धरली. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी अकरा गोल खाल्ले. बाराव्याला गोलकीपरने चेंडू अडवला आणि मास्तरांच्या तोंडून आपसूक ‘हां’ निघालं. पुढे त्यांनी घड्याळ बघितलं तेव्हा पाऊण तास गेला होता. त्या पाऊण तासात त्यांना गुडघे आठवले नव्हते, बाकावरची बैठक आठवली नव्हती, आणि बायको गेल्यापासून रोज ह्या वेळेला येणारा तो जडपणाही आला नव्हता. हे त्यांना जरा लाजिरवाणं वाटलं आणि बरंही वाटलं. खेळाबद्दलचं त्यांचं मत बदललं असं मात्र कुणी समजू नये. मोठ्या माणसाने रोज खेळावं हे त्यांना तेव्हाही पटलं नाही. फक्त पोरखेळ हा शब्द त्यांच्या तोंडात पूर्वीसारखा बसेना.

मुलगा कामावरून आला, जेवला, त्या खोलीकडे फिरकलासुद्धा नाही. रविवारी सकाळी तो चहा घेत होता तेव्हा मास्तरांनी रुमाल टेबलावर ठेवून उलगडला.

‘मी तेल सोडलं होतं त्यात,’ ते म्हणाले. ‘शुक्रवारी. ओढत होता म्हणून. आता नीट केलाय.’

मुलाने रिमोट उचलला, खुंटी अंगठ्याने गोल फिरवली, सोडली. पुन्हा फिरवली. मग म्हणाला, ‘माहीत होतं मला.’

‘काय माहीत होतं?’

‘तेल तुम्ही सोडलंत ते. वास येत होता ना, बाबा. त्या वासात वाढलोय मी.’

सून ओट्याशी उभी होती, तिने नळ बंद केला.

‘मग बोलला का नाहीस?’ मास्तरांनी विचारलं.

मुलाने विचार केला. भांडायचं नव्हतं त्याला, खरंच आठवून बघत होता. म्हणाला, ‘तेव्हा तरी कुठे बोललो होतो.’

कुठल्या ‘तेव्हा’ ते सांगायची गरज नव्हती. मास्तरांना वाटलं होतं, पोरगं ते विसरलं असेल. सेहेचाळीसाव्या वर्षी कोण आठवतं असलं. त्यांनी भाजलेला अंगठा मुठीत लपवला आणि म्हणाले, ‘चुकलं माझं. दोन्ही वेळेला.’ एवढं बोलून ते बाल्कनीत गेले आणि वाळलेले कपडे काढू लागले, जे काम त्या घरात त्यांनी आजवर कधीच केलं नव्हतं. मुलाने साथीदारांना फोन लावला. बदली खेळाडू मिळालेला नव्हता. दातांचा डॉक्टर इतक्या मोठ्याने हसला की बाल्कनीपर्यंत ऐकू आलं.

दुपारी चारला दहा कमी असताना मुलगा खोलीत खुर्चीवर बसला. सून दाराशी टेकली. मास्तर बाहेर येरझारा घालत होते. आत जावं की नको, गेलो तर त्याचं लक्ष उडेल, नाही गेलो तर नेहमीसारखंच. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गणवेशाचा कारखाना. आताची मालकीण म्हणजे त्या वेळच्या मालकाची मुलगी, आणि जूनच्या आधीचे हे आठ-दहा दिवस तिचा फोन नक्की असायचा. काजं करायचं जुनं मशीन अडकलं होतं, उद्या माल जायचा होता, मास्तर, ताबडतोब निघा.

घर शांत होतं. ती काय बोलतेय ते खोलीतसुद्धा ऐकू जात होतं. मुलाने एका कानावरचा हेडफोन सरकवलेला होता. त्याने मागे वळून बघितलं नाही. पण त्याची पाठ ताठ झाली, आणि त्या पाठीकडे बघून मास्तरांना समजलं की त्याला उत्तर आधीच माहीत आहे असं वाटतंय.

‘आज जमणार नाही,’ मास्तर म्हणाले.

ती म्हणाली, बरं नाही का वाटत तुम्हाला.

‘मी ठणठणीत आहे. मुलाची मॅच आहे चार वाजता. फायनल.’

‘नातीची का?’

‘नातीची नाही, मुलाची. सेहेचाळीस वर्षांचा आहे. टीव्हीवरचा फुटबॉल खेळतो, व्हिडिओ गेम. गोलकीपर आहे,’ मास्तर म्हणाले. आवाज त्यांनी जराही खाली आणला नाही. गल्लीतल्या खिडक्या उघड्या होत्या आणि समोरून पोस्टमन चालला होता, तो थबकला. ‘सहा वाजता येतो मी. तोवर मशीनला कुणाला हात लावू देऊ नका.’

त्यांनी फोन बंद केला, तेलाची कुपी खिशातून काढून बाहेरच्या टेबलावर ठेवली आणि खोलीत गेले. पडद्यावर खेळाडू रांगेने उभे राहिले होते. गोलकीपर गोलच्या बरोबर मधोमध होता, इकडे नाही, तिकडे नाही. मास्तरांनी दुसरी खुर्ची ओढली. तिचा पाय फरशीवर करकरला.

मुलगा हेडफोनमध्ये साथीदारांना म्हणाला, ‘एक मिनिट थांबा रे. बाबा बसतायत.’